वरच्या खोलीची हजेरी

आमच्या घरमालकांना कच्चं चालत नसे. हे मी जेवणाबद्दल म्हणत नाही. जेवणात ते कांदा, मुळा, काकडी सगळं कच्चंच खात. कच्चं चालत नसे ते संगणकाचं. लिनक्सच्या मशीनला कमांड दिली की ते आकडे, ठिपके आणि अर्धवट इंग्रजी शब्द ओळीच्या ओळी ओकत सुटतं. ते जसंच्या तसं माणसापुढं ठेवणं हा त्यांच्या मते असभ्यपणा होता.

"जेवायला बोलावलेल्याच्या हातात कुणी शिधा देतं का?" ते म्हणत. "घ्या तांदूळ, घ्या डाळ, शिजवा न् खा? पान मांडून वाढायचं असतं."

म्हणून ते प्रत्येक कमांडला आपली एक स्क्रिप्ट जोडत. कमांड जे ओकेल ते स्क्रिप्ट गिळायची, त्यातलं नको ते टाकून द्यायची, आणि उरलेलं मराठीत, एकाखाली एक, सरळ रांगेत मांडायची. टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये आयुष्य काढलेला माणूस. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात, हे काळ्या पडद्यासमोर बसले. पुंडलिकनगरातल्या त्यांच्या घराच्या हॉलमध्ये एक जुनं मशीन होतं, ते टीव्हीला जोडलेलं होतं, आणि त्यांच्या नेटवर्कवर एकूण आम्हीच होतो: ते, काकू, मागच्या खोलीतली लॅबवाली ताई आणि वरच्या खोलीतला मी. एवढ्याशा संसाराची इतकी देखरेख मी दुसरीकडं पाहिली नाही.

मी तिथं बदलीवर आलो होतो. वय पंचेचाळीसच्या पुढं. बायको माहेरी होती आणि ते माहेर तिला कायमचं मानवलं होतं. मूळचा मी सोयगावकडचा, मेंढरांच्या घरातला. जास्त बोलायची सवय नाही. मेंढरांशी बोलावं लागत नाही.

राहायला आलो त्याच आठवड्यात मी खाली जाऊन म्हटलं, "काका, नेट चालंना."

"कुठपर्यंत चालंना?"

"कुठपर्यंत म्हणजे? चालंनाच."

"असं नसतं. इथून मुंबईला निघालेला माणूस पोचला नाही, म्हणजे तो घरातच गेला असं होतंय का? नगरपर्यंत तरी गेला असंल की." त्यांनी काहीतरी टाइप केलं. टीव्हीवर ठसठशीत अक्षरांत चार ओळी उमटल्या:

घर : ठीक
राउटर : ठीक
कोपऱ्यावरचा खांब : ठीक
त्यापुढे : रामभरोसे

मग त्यांनी केबलवाल्याला फोन लावला. "तुमचं खांबाच्या पुढं मेलंय."

"अंकल, आपकू कैसा मालूम?"

"दिसायलंय मला."

पलीकडं कुणालातरी विचारल्याचा आवाज. मग, "हौ, वहींच कटा है. अब्बी आदमी भेजता मैं, टेन्शन नक्को लेव."

काकांनी फोन ठेवला. विजयाचं कुठलंही चिन्ह चेहऱ्यावर नव्हतं. ते फक्त म्हणाले, "खांबापुढचा विसर्ग बघितला का, ते दोन ठिपके? बाकीच्यांपेक्षा थोडा डावीकडं सरकलाय."

हे त्यांचं मोठं दुःख होतं. इंग्रजीत एका शब्दाला अमुक इतकी जागा राखून ठेव म्हटलं की संगणक राखतो. मराठीत तो काना, मात्रा, वेलांटी या सगळ्यांना स्वतंत्र माणूस समजून पंगतीत वेगवेगळा पाट देतो, आणि पंगत वाकडी होते. काकांनी मग प्रत्येक शब्दामागची रिकामी जागा हातानं भरली. एकदा 'ताई' या शब्दापुढचा विसर्ग त्यांना तिरका वाटायला लागला. त्यांनी मला खाली बोलावून विचारलं, दिसतंय का? मी खरं ते सांगितलं, नाही दिसत. त्यानंतर बरेच दिवस ते माझ्याशी फक्त भाड्यापुरतं बोलले.

'ताई' हा शब्द त्या पडद्यावर का होता, ते आता सांगायला हवं.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. मी आलो तेव्हा त्यांना विसर पडायला लागून काही वर्षं झाली होती. काय काय गेलं होतं ते सांगत बसत नाही. राहिलं होतं ते एवढंच: दिवेलागण झाली की घरातली सगळी माणसं आत आली पाहिजेत, आणि ती आल्याशिवाय आपण पान घ्यायचं नाही. थोरला परदेशात होता, मुलगी पुण्यात. पण काकूंच्या हिशेबी दोघं बाहेर गेलेली होती, येतीलच. आली नाहीत तर त्या न जेवता दाराशी बसून राहत, आणि मग गोळ्या उपाशीपोटी देता येत नसत. गोळ्या चुकल्या की पुढचे दोन दिवस घरात काय होई ते मी वरून ऐकलेलं आहे.

काकांच्या तोंडी सांगण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "आलेत गं, झोपलेत," असं काका सुरुवातीला सांगत असावेत आणि पकडले गेले असावेत. बाईंचा विश्वास फक्त हजेरीवर. म्हणून काकांनी हजेरी मांडली.

घरातल्या वायफायला कोणकोणते फोन जोडलेले आहेत हे विचारणारी कमांड असते. प्रत्येक फोनला स्वतःचा एक लांबलचक पत्ता असतो, आणि तो फोन आत्ता सापडतोय की नाही हे त्या पत्त्यासमोर येतं. काकांची स्क्रिप्ट ते सगळं गिळून संध्याकाळी टीव्हीवर दोनच ओळी ठेवायची:

थोरला : हजर
ताई : हजर

थोरला म्हणजे माझा फोन. ताई म्हणजे लॅबवालीचा. वरची खोली पूर्वी थोरल्याची होती, मागची मुलीची.

काकू टीव्हीसमोर येऊन उभ्या राहत. हात मागं बांधलेले. "थोरला," त्या वाचत. "हजर. ताई. हजर." मग मान वर करून जरा ऐकत. माझ्या खोलीची फरशी हॉलच्या डोक्यावर होती. पाय वाजले की त्या म्हणत, "हां. घ्या पानं."

गंमत अशी की मला त्या कधीच थोरला समजल्या नाहीत. जिन्यात भेटलो की विचारत, "तुम्ही वरचे ना? आमचा थोरला दिसला का हो येताना?" मी म्हणायचो, मागून येतोय. मग मी वर जायचो, खाली यादी बदलायची, आणि त्या जेवायच्या.

हे सगळं मला लॅबवाली ताईनं सांगितलं. फुलंब्रीजवळच्या गावातली मुलगी, तोंडानं फटकळ. "भाऊ, तुमाला म्हाईत नाय का? तुम्ही हितले थोरले हाव. मी तुमची बहीण. राखी बांधू का?"

मी काकांना एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला? सरळ 'हजर' असं कायमचं लिहून टाका ना.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जणू देवाच्या प्रसादात पाणी घालायला सांगितलं होतं. "गाळावं. घालू नये," ते म्हणाले. "हे बघा, मांडणी म्हणजे निम्मं काम गाळायचंच असतं. नको ते काढून टाका, कुणाचं काही बिघडत नाही. पण जे आलंच नाही ते लिहिलं, की ती मांडणी नाही. ती थाप."

"पण थोरला म्हणजे मी, हे काय मग?"

"वरच्या खोलीत माणूस आहे की नाही?"

"आहे."

"मग हजर लिहिलं. वरच्या खोलीला या घरात काय म्हणतात तेवढंच मी लिहिलंय."

हा फरक मला तिथं उभं असताना पटला. जिना चढेपर्यंत पटेनासा झाला.

आता माझ्याकडं येतो.

माझी आई सोयगावला भावाकडं होती. त्या पावसाळ्यात तिचं दुखणं वाढलं आणि तिला दवाखान्यात हलवलं. शनिवारी भावाचा फोन आला. मी सांगितलं, "मी मुंबईला ड्यूटीवर चाललोय, रविवारी जमणार नाही." मी मुंबईला नव्हतो. रविवारी दिवसभर वरच्या खोलीत पडून होतो. कारण विचाराल तर ते इतकं किरकोळ आहे की इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही: मला अंथरुणातून उठावंसं वाटत नव्हतं. आई विचारणार, सून कधी येणार, आणि मला पुन्हा 'येईल' म्हणावं लागणार. त्यापेक्षा मुंबई बरी.

आई त्या खेपेला बरी होऊन घरी आली. पुढच्या रविवारी सकाळी भाऊ काही औषधं न्यायला गाडीवर शहरात आला आणि मला भेटायला घरी वळला. मी दूध आणायला गेलेलो. काकांनी त्याला हॉलमध्ये बसवलं, पाणी दिलं. भावानं सहज म्हटलं, "मागच्या रविवारी मुंबईला व्हते म्हणं."

"छे छे," काका म्हणाले. मदत करायला नेहमी तत्पर. "मागच्या रविवारी दिवसभर हजर होते. एकदा खाली उतरले तेवढेच, दूध आणायला."

मी पिशवी घेऊन फाटकात शिरलो तेव्हा भाऊ गाडीला किक मारत होता. आमच्याकडं भांडत नाहीत. तो एवढंच म्हणाला, "आईला सांगतो, मुंबई बरी हाय म्हणून."

मी वर गेलो आणि फोनचं वायफाय बंद करून टाकलं. दुपारी काका जिना चढून आले. त्यांच्या गुडघ्यांना तो जिना झेपत नसे.

"तुमचा फोन दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच बंद केलाय. तुम्ही माझ्यावर पाळत ठेवता."

"पाळत नाही हो. हजेरी."

"माझी हजेरी घ्यायचा तुम्हाला काय हक्क?"

ते दारात उभे राहिले. सकाळी काय झालं हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. शेवटी म्हणाले, "आज संध्याकाळी थोरला येतोय. खरा. विमान उतरलंय मुंबईला. बाकी काही नाही, आज तरी यादीत घोळ नको." आणि उतरले.

मला सगळं माहीत होतं, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. गोळ्यांचं माहीत होतं. यादीचं माहीत होतं. मी वायफाय चालू केलं नाही. पलंगावर बसलो आणि पाय वर घेतले, वाजू नयेत म्हणून.

पुढचं मी काही जिन्यातून ऐकलं, काही लॅबवाल्या ताईनं नंतर सांगितलं. ती वाढायला मदतीला होती.

थोरला आला. बॅग ठेवली, आईच्या पाया पडला. काकू म्हणाल्या, "बसा, बसा. लांबून आलात?" पानं मांडली गेली. काकू टीव्हीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

थोरला : गैरहजर
ताई : हजर

"पाहुण्यांना वाढा," काकू म्हणाल्या. "थोरला आला की मी बसते."

"आई, मीच थोरला."

"थोरला अजून यायचाय. हे काय, लिहिलंय ना समोर."

आमच्याकडं संध्याकाळी मेंढरं वाघुरात, जाळीच्या कोंडवाड्यात, शिरायला लागली की बाप कधी मोजत नसे, नुसता बघे. आलेलं त्याला दिसतच नसे, जे आलं नाही तेवढंच दिसे. काकूंचं तसं झालं होतं. पुढ्यात बसलेला मुलगा त्यांना दिसत नव्हता.

माझं दार वाजलं. लॅबवाली ताई. "भाऊ, फोन वायफायला लावा ना. काकू जेवंनात. भाऊ?"

मी आतून म्हणालो, "मी घरी नाय."

ती म्हणाली, "बरं. आले की सांगा त्यांना," आणि खाली गेली.

काकांनी मग थोरल्याचा फोन मागून घेतला, घरच्या वायफायला जोडला, आणि माझ्या पत्त्याच्या जागी त्याचा पत्ता घालायला बसले. खरं म्हणजे त्या यादीतली पहिलीच पूर्ण खरी ओळ ते लिहीत होते. पण मशीनला टीव्हीखेरीज दुसरा पडदा नव्हता, आणि जन्मात कुणाला कच्चं न वाढलेल्या माणसाला त्या दिवशी सगळं कच्चंच उघडावं लागलं. पत्त्यांचे आकडे, ठिपके, इंग्रजी शब्द, सगळं भसाभस टीव्हीभर पसरलं.

काकू पुढं झाल्या, वाचायचा प्रयत्न केला. "काय घाण अक्षर आहे," त्या म्हणाल्या. "कुणी लिहिलंय हे?"

मग स्क्रिप्ट उघडली, आणि थोरल्याला ती वाचता येत होती. तो संगणकाच्याच धंद्यातला.

"बाबा, हे 'थोरला' पुढं वरची खोली काय लिहिलंय? वर कोण राहतं?"

"भाडेकरू."

"म्हणजे रोज संध्याकाळी मी म्हणजे तो?"

"तू नाहीस रे. तुझी हजेरी."

काकांनी पत्ता बदलला. पडदा स्वच्छ झाला.

थोरला : हजर
ताई : हजर

काकूंनी वाचलं. मान वर केली. ऐकलं. वर मी पाय वर घेऊन बसलेला.

"पाय वाजले नाहीत," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला, तो मला पलंगावरही नीट ऐकू आला. "खोटी हजेरी कुणी लावली? ज्यानं लावली त्यानं उभं राहायचं."

थोरला उभा राहिला.

काका जिन्याखाली आले असावेत, कारण त्यांचा श्वास ऐकू येत होता. त्यांनी हाक मारली नाही. मीही हललो नाही. किती वेळ गेला सांगता येत नाही. काकू दाराकडं जायला लागल्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज फाटकाच्या दिशेनं गेला.

आणि मी उठलो. चपला घातल्या, खोली ओलांडली, गच्चीच्या टोकापर्यंत चालत गेलो. प्रत्येक पाऊल हॉलच्या डोक्यावर.

खाली बांगड्या थांबल्या. "आला," काकू म्हणाल्या. "आला थोरला. घ्या पानं."

थोरला उभाच होता, म्हणून आईचं पान त्यानंच वाढलं. त्या पोटभर जेवल्या. गोळ्या घेतल्या. जेवताना त्याला म्हणाल्या, "तुम्ही पण घ्या. संकोच करू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पुन्हा जिना चढून आले. हातात थोरल्यानं आणलेलं परदेशी चॉकलेट होतं. "काल तुम्ही चाललात," ते म्हणाले. "फार उपकार झाले." त्यांचे डोळे भरले होते. मी म्हटलं, त्यात काय एवढं. चॉकलेट घेतलं. खाल्लंही.

महिन्याभरात थोरल्यानं आईवडिलांना पुण्याला बहिणीजवळ हलवलं. मशीन काका बरोबर घेऊन गेले. मीही पुढं बदलून गेलो. आई गेली तेव्हा मी खरोखरच ड्यूटीवर होतो. भावानं त्यावर अजून विश्वास ठेवलेला नाही, आणि मी त्याला दोष देत नाही.

काकांशी फोनवर अधूनमधून बोलणं होई. पुण्याच्या फ्लॅटमध्येही वर कुणीतरी राहतं, पाय वाजतात, चाललंय, असं ते सांगत. आणि दर वेळी फोन ठेवताना ते माझ्या चालण्याचा विषय काढत. "त्या दिवशी तुमच्या मनात आलं म्हणून. नाहीतर काय झालं असतं." ते असं म्हणाले की मी विषय बदलायचो. लॅबवालीनं एकदा तोंडावर विचारलं होतं, "काय भाऊ, घरी आले व्हते का मंग तुम्ही?" मी तिलाही हसून टाळलं.

मागच्या हिवाळ्यात काकांचा मेसेज आला. मोबाइलवर, पण त्यांच्या पद्धतीनं मांडलेला. रांग सरळ.

थोरला : हजर
ताई : हजर
काकू :

काकूंच्या पुढं त्यांनी काहीच लिहिलं नव्हतं.

मी बराच वेळ तो मेसेज बघत बसलो. सांत्वनाचं काही सुचेना. मग मी जे लिहिलं ते लिहायची ती वेळ नव्हती, पण दुसरी वेळ आली नसती. लिहिलं की काका, त्या दिवशी मी काकूंसाठी उठलो नव्हतो. मला दार वाजलेलं ऐकू आलं होतं, मुलगा उभा राहिला तेही कळलं होतं, तरी मी उठलो नाही. मला लघवीला लागली होती. संडास गच्चीच्या टोकाला. तेवढ्यासाठी चाललो. तुम्ही उपकार म्हणालात आणि मी म्हणू दिलं. मला माफ करा.

पाठवलं आणि फोन उपडा ठेवला. हात धुऊन आलो. परत फोन उलटला तर उत्तर आलेलं होतं.

"माहीत आहे. मागून पाणी ओतल्याचा आवाज आला होता. तेवढी ओळ मी गाळली."